आधी कुलूप, मग कडी

“मॅडम, दहावीला गणितात ९२ होते. अकरावीत काय बिघडलं तेच कळत नाही.” पहिली घटक चाचणी झाली की दरवर्षी हे वाक्य माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, येतंच. कधी आईच्या तोंडून, कधी मुलाच्या. नेमकं कुठे अडतंय, असं खोदून विचारलं की बऱ्याचदा एकच धडा निघतो: फंक्शन, म्हणजे आकडा घातला की ठरल्याप्रमाणे उत्तर देणारा नियम. त्यातही कॉम्पोझिट (एकापाठोपाठ एक अशी दोन फंक्शनं) आणि इन्व्हर्स (उत्तरावरून परत मूळ आकड्यावर नेणारं फंक्शन).

दहावीपर्यंत मुलं एक्सची किंमत काढतात, उत्तराखाली दोन रेघा मारतात, विषय संपतो. अकरावीत एक्स शोधायचाच नसतो, त्याचं पुढे काय होतं ते बघायचं असतं. हा बदल मुलांना कोणी उघडपणे सांगत नाही. मराठी माध्यमातून सायन्सला आलेल्यांची तर त्याच महिन्यात भाषाही बदललेली असते.

सायली (नाव बदललं आहे) अशीच आली. पहिल्या दोन भेटी रडण्यात गेल्या. तिसऱ्या भेटीत मी वही मागितली. मी गणित शिकवत नाही, पण मूल जिथे अडलंय ती जागा स्वतः पाहिल्याशिवाय मी सल्ला देत नाही.

फंक्शन होतं ‘दुप्पट करा, ३ मिळवा’. इन्व्हर्स तिने लिहिला होता ‘निम्मे करा, ३ वजा करा’. वर लाल फुली.

“५ घालून बघ.”

“१३.”

“आता तू लिहिलेल्या वाटेने परत ये.”

“साडेसहा... साडेतीन.” ती थांबली. “पण पाच यायला हवेत ना?”

“घरातून निघताना दाराला काय करतेस?”

“कडी लावते, कुलूप घालते.”

“आणि परत आल्यावर?”

ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, “आधी कुलूप!” १३ मधून ३ गेले १०, निम्मे ५. मग मी न सांगता तिने ७ घेतले. १७, १४, परत ७. त्या दुसऱ्या आकड्याने मला जास्त आनंद झाला. तो तिने स्वतःच्या खात्रीसाठी घातला होता.

कॉम्पोझिटचं कोडंही क्रमाचंच होतं. ‘जी ओ एफ’ (म्हणजे आधी एफ, मग जी) लिहिलं की ती आधी जी करायची. आपण ‘तांदूळ धुऊन शिजवले’ म्हणतो, जे आधी केलं ते आधी. गणिताच्या लिहिण्यात शिजवणं डावीकडे जातं आणि धुणं तांदळाला चिकटून राहतं. तांदळाला जे चिकटलंय ते आधी.

मी समुपदेशनात विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली. घटनेतून भावना थेट येत नाही, मध्ये आपला विचार असतो, हे मी इतकी वर्षं समजावत आले. सायलीसमोर मला ते प्रथमच कॉम्पोझिट फंक्शनसारखं दिसलं. मी तीन चौकोन काढले. पहिल्यात ‘२५ पैकी ९’, तिसऱ्यात ‘रडू’. मधला रिकामा.

तिने लिहिलं: ‘मी हुशार नव्हतेच. दहावीला नशीब होतं.’

“यात २५ पैकी २० घातले तर?”

“पेपर सोपा होता, असंच वाटेल.” मग हळूच म्हणाली, “काहीही घातलं तरी उत्तर तेच. हे कॉन्स्टंट फंक्शन आहे, मॅडम. याला इन्व्हर्सच नसतो.”

हे मी तिला शिकवलं नव्हतं.

पालकांनो, क्लास बदलण्याआधी एकदा मुलाशेजारी बसून वही बघा. ‘किती पडले’ऐवजी ‘कुठल्या ओळीला अडलं’ विचारा. गणित तुम्हाला येत नसलं तरी चालेल. ‘एक आकडा घालून परत येऊन दाखव’ एवढं सांगता आलं तरी पुष्कळ. इन्व्हर्सची खूण म्हणून एफच्या डोक्यावर लिहिलेला उणे एक पाहून ‘एक भागिले एफ’ करणारी मुलंही अशा पडताळणीत स्वतःची चूक स्वतःच पकडतात. आणि ‘तुला गणित जमतच नाही’ हे वाक्य रागातही बोलू नका. मुलं ते उचलून मधल्या चौकोनात ठेवतात.

शेवटच्या भेटीला सायलीने तो कागद परत आणला. मधल्या चौकोनातलं वाक्य तिने खोडलं नव्हतं. त्याच्याखाली पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘क्रम चुकला होता.’