'अनअवेअर्स' : बेसावध कोण?

प्रश्न असा आहे : 'द रेन कॉट अस अनअवेअर्स' या वाक्यातल्या शेवटच्या शब्दाला कोशात 'नकळत' असा अर्थ दिलेला आहे, पण 'पावसाने आम्हांला नकळत पकडले' हे कानाला खटकते. शिवाय शब्दाच्या शेवटी 'स' कशाला?

खटकते ते बरोबरच आहे. मराठीत नुसते 'नकळत' म्हटले की ते कर्त्याला चिकटते. 'चोराने नकळत दार उघडले' म्हणजे चोरालाच कळले नाही. न कळणारा दुसरा असेल, तर त्याला षष्ठीत आणावे लागते : 'मालकाच्या नकळत'. वरच्या वाक्यात पावसालाच काही कळले नाही, असा अर्थ निघतो.

इंग्रजीत हे क्रियापदावरून ठरते. 'कॅच' किंवा 'टेक' यांच्याबरोबर 'अनअवेअर्स' आला की बेसावध असते ते कर्म, म्हणजे ज्याला गाठले तो. अशा वेळी मराठीत गाफील, बेसावध, ध्यानीमनी नसताना. १६६३ साली लाल महालात शाइस्तेखान गाफील सापडला, त्याला इंग्रजीत हाच शब्द चपखल बसतो. इतर क्रियापदांबरोबर मात्र बहुधा कर्ताच अजाण असतो. १६११च्या इंग्रजी बायबलात पाहुणचार करता करता काहींनी 'अनअवेअर्स' देवदूतांचेच आतिथ्य केले, असे वाक्य आहे. पाहुणे कोण हे यजमानांना ठाऊक नव्हते. तिथे 'नकळत' किंवा 'अजाणता' अगदी नेमके.

'अचानक' इथे जवळचा वाटतो, पण तो घटनेबद्दल बोलतो, माणसाबद्दल नाही. वीज अचानक जाते. तिथे 'अनअवेअर्स' चालणार नाही.

आता 'स'. तो अनेकवचनाचा नाही. जुन्या इंग्रजीत षष्ठीचे रूप क्रियाविशेषणासारखे वापरत, त्याचा हा अवशेष. 'ऑलवेज', 'नाउअडेज' यांतला शेवटही तोच. 'वन्स', 'ट्वाइस' यांतलाही, फक्त लिहिताना तो 'सी-ई' झाला. आपल्याकडे हे काम सप्तमी करते : सकाळी, अवेळी. मला हे साम्य फार आवडते. उच्चारात मात्र हा 'स' 'माझा'मधल्या 'झ'सारखा होतो आणि जोर 'वे'वर येतो.

'स' नसलेला 'अनअवेअर' मुळात विशेषण आहे, त्याच्यापुढे 'ऑफ' किंवा 'दॅट' येते : 'आय वॉज अनअवेअर ऑफ इट'. तिथे 'स' लावला की वाक्य चुकते. उलट 'कॉट अनअवेअर' असेही लिहिलेले दिसते आणि कोश ते चालवून घेतात, पण 'स'सकट लिहिणे अधिक चांगले.

राहता राहिले मूळ वाक्य. 'पकडले' आधी काढा. मराठीत पाऊस माणसाला गाठतो. 'ध्यानीमनी नसताना पावसाने गाठले.' मागच्यापुढच्या मजकुरात छत्री नसल्याचा उल्लेख असेल, तर 'ध्यानीमनी'सुद्धा नको. 'ऐन वाटेत पावसाने गाठले' एवढे पुरते.