फ्रेम ठरवण्याआधी मागचं चाक काढून मोजा

तुमची सायकल २६ इंची ॲल्युमिनियमची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली), बारा वर्षं वापरलेली. सीट ट्यूब (सीटची दांडी ज्यात बसते ती नळी) आणि वरची नळी जिथे जोडल्यात तिथे बारीक रेघ दिसतेय. फोर्क आणि हायड्रॉलिक ब्रेक गेल्याच वर्षी नवे घातलेत, म्हणून फक्त फ्रेम बदलून बाकी सामान आहे तसं चढवायचंय. होईल का? होईल. पण दुकानात आज मिळणाऱ्या नव्या फ्रेमवर बहुतेक नाही होणार.

आधी ती रेघ बघा. जागा स्वच्छ पुसा आणि रेघेवरून अंगठ्याचं नख आडवं फिरवा. नख अडकलं, आणि पुसल्यावर दोनचार राइडनंतर तिथेच काळपट रेघ परत उमटली, तर तो रंगाचा ओरखडा नाही, तडाच आहे. मग त्या सायकलवर टेकडी नको, ऑफिसलाही नको. कोणी म्हणेल वेल्डिंग करून घ्या. स्टीलची असती तर मीही तेच म्हटलं असतं. ॲल्युमिनियमचं तसं नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो आणि त्याची ताकद परत आणायला अख्खी फ्रेम भट्टीत घालून हीट ट्रीटमेंट करावी लागते. गेटं-ग्रिलं जोडणाऱ्याचं ते काम नव्हे.

आता एक आगाऊ प्रश्न. सीटपोस्ट, म्हणजे सीटची दांडी, किती वर काढून चालवत होता? बरोबर त्याच जोडावर तडा जायचं नेहमीचं कारण म्हणजे पोस्ट आत पुरेशी नसणं. तिच्यावर कमीत कमी किती आत हवी याची खूण असते, पण तेवढ्यावर भागत नाही; पोस्टचं खालचं टोक वरच्या नळीच्या जोडाच्याही खाली पोचायला हवं. तुमची पोचत नसेल तर जुनी फ्रेम तुम्हाला मुळातच लहान होती. त्याच मापाची दुसरी आणलीत तर तीही तिथेच जाईल. एक साइझ मोठी बघा.

मोजमापाचं सांगतो. व्हर्नियर घ्या, साधा प्लॅस्टिकचा चालेल. मागचं चाक काढून हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) दोन्ही बाजूंच्या लॉकनटच्या बाहेरून बाहेरपर्यंत मोजा. क्विक रिलीजवाली जुनी सायकल म्हणजे १३५ मिमी येईल. हल्लीच्या फ्रेम १४२ किंवा १४८ मिमीच्या, आणि आरपार जाणाऱ्या १२ मिमी थ्रू ॲक्सलच्या. काही १३५ च्या हबना टोकं बदलून १४२ करता येतं, ते हबच्या कंपनीवर अवलंबून. १४८ साठीही स्पेसरचे जुगाड मिळतात, पण मग डिस्कची जागा, चाकाचं सेंटर, चेनलाइन (चेनची सरळ रेषा), सगळ्याशी खेळत बसावं लागतं. मी त्या वाटेला जाणार नाही.

डिस्क ब्रेक आहेत म्हणून २७.५ च्या फ्रेममध्ये २६ चं चाक घालण्याचा मोह होईल. बसतं. पण रिमचा व्यास ५८४ ऐवजी ५५९ मिमी, म्हणजे सायकल साडेबारा मिमी खाली बसते. पुण्याच्या वेताळ टेकडीवर पेडल दगडावर आपटायला तेवढं पुरतं. २९ च्या फ्रेमचा विचारच सोडा.

दुसरी न फसवता येणारी गोष्ट म्हणजे फोर्कची वर जाणारी नळी, स्टिअरर. तुमचा सरळ, २८.६ मिमीचा असेल तर बरं. टेपर्ड (खाली रुंद होत जाणाऱ्या) हेड ट्यूबमध्येही, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळीत, तो खालचा वेगळा कप लावून बसतो. उलटं, म्हणजे टेपर्ड फोर्क जुन्या ३४ मिमीच्या सरळ हेड ट्यूबमध्ये, जात नाही. आणि जाडी जुळली तरी लांबी राहतेच. मी एकदा ओळखीच्याकडून सुरेख निळी फ्रेम घेतली. हेडसेट (फोर्क ज्यावर फिरतो ते बेअरिंगचे कप) ठोकला, फोर्क आत सरकवला, आणि वर हँडल धरणाऱ्या स्टेमला धरायला नळीच उरली नाही, जेमतेम बोटाच्या पेराएवढी. फ्रेमची हेड ट्यूब आधीच्यापेक्षा दोन सेंटिमीटर उंच होती आणि स्टिअरर मी स्वतःच कापलेला. कापलेली नळी वाढत नाही. ती फ्रेम अजून माळ्यावर आहे.

बाकीचं सामान एवढं छळत नाही. सीटपोस्ट बारीक आणि नळी मोठी असेल तर शिम (मधे घालायची पातळ नळी) मिळतो, २७.२ ची पोस्ट ३०.९ किंवा ३१.६ मध्ये चालते, उलटं नाही. ब्रेकच्या कॅलिपरला ॲडाप्टर मिळतात. पुढे तीन चकत्या असतील तर फ्रेमवर पुढच्या डिरेल्युअरला (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाला) जागा आहे का बघा, नव्या बऱ्याच फ्रेमवर ती नसतेच. मागच्या ब्रेकची नळी फ्रेमच्या आतून न्यायची असेल तर ती सोडवून परत ब्लीड करावी लागेल, म्हणजे आतली हवा काढावी लागेल. डिरेल्युअर हँगर (मागचा डिरेल्युअर ज्याला लटकतो तो छोटा तुकडा) मात्र फ्रेमसोबतच दोन घ्या. बहुतेक जुन्या फ्रेमचा वेगळा असतो आणि मोडतो तेव्हा सहज मिळत नाही.

बीबी (बॉटम ब्रॅकेट, पेडलचे क्रँक ज्यावर फिरतात ते बेअरिंग) आट्यांचाच असलेली फ्रेम शोधा, ६८ किंवा ७३ मिमी. शिमानोचा हॉलोटेक क्रँक असेल तर ७३ ला एक स्पेसर उजवीकडे, ६८ ला उजवीकडे दोन, डावीकडे एक. बसवताना लक्षात ठेवा, पेडलला डावीकडचे आटे उलटे असतात, बीबीला उजवीकडचे. कप आधी हातानेच तीनचार फेरे फिरवा, पाना नंतर. हाताने फिरत नसेल तर आटे वाकडे धरलेत. तिथे पान्याने जोर लावून फ्रेम वाया घालवलेले लोक मी पाहिलेत.

मिळवायची कुठून? माझं मत विचाराल तर सुटी फ्रेम शोधू नका. तुमच्याच काळातली अख्खी सायकल बघा. हौसेने घेऊन पाच वेळा चालवलेली आणि मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी राहिलेली सायकल पुण्या-मुंबईत दर दुसऱ्या इमारतीत सापडते. १३५, सरळ हेड ट्यूब, आट्यांचा बीबी, सगळं एकदम जुळण्याची शक्यता तिथेच जास्त. शिवाय एक जादा चाकजोडी पदरात पडते.

घेताना पैसे बोलण्याआधी क्लॅम्प सैल करून सीटपोस्ट फिरवून बघा. कित्येक पावसाळे हललीच नसेल तर ती आत धरलेली असते. समुद्राकाठची सायकल असेल तर हमखास. नाही हलली तर ती सायकल सोडून द्या, मग कितीही स्वस्त असो.