माइनस माइनस प्लस, पण कुठे?

प्रश्न: नमस्कार सर, मुलगी सहावीत आहे, इंग्लिश मीडियमला. परवा −५ − ३ चं उत्तर +८ लिहून आली, का तर म्हणे 'माइनस माइनस प्लस'. आणि त्याच्याच खालच्या गणितात −५ − (−३) चं उत्तर −८! मी मराठी मीडियमची, मला उत्तर येतं पण ते तसंच का हे सांगता येत नाही, मग आमची दोघींची जुंपते आणि तिचे बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. कसं समजावू?
– एक आई, भांडुप

उत्तर: ताई, पोरीचं डोकं चांगलं चालतंय, तिला वाक्यच अर्धवट मिळालंय. 'माइनस माइनस प्लस' गुणाकारात चालतं, कंसाबाहेरचा आणि आतला माइनस एकमेकांना चिकटून आले तरी चालतं. पण −५ − ३ मध्ये मधे पाच बसलेत ना! मुलं काय करतात, ओळीत दोन माइनस दिसले की झाला प्लस, मग ते कुठे का असेनात. माझ्या वर्गात दरवर्षी निम्मी पोरं हेच करायची.

आणि तुमचं मराठी मीडियम इथे कामाला येतं बघा. आपल्याकडे दोन शब्द आहेत. 'उणे पाच' हे संख्येचं नाव आणि 'वजा' म्हणजे काढून टाकणं, ही क्रिया. पोरं दोन्हीला माइनसच म्हणतात, तिथेच घोळ. तिला गणित सोडवायच्या आधी मोठ्याने वाचायला लावा: उणे पाच वजा तीन. उणे पाच वजा उणे तीन. कानालाच फरक कळतो.

मग कॅरमच्या सोंगट्या काढा. पांढरी म्हणजे +१, काळी म्हणजे −१, एक पांढरी आणि एक काळी मिळून शून्य. (राणी डब्यातच ठेवा, नाहीतर हिची किंमत किती यावर अर्धा तास जाईल.) आता पाच काळ्या मांडा, हे झालं −५. त्यातून उणे तीन वजा करायचेत म्हणजे तीन काळ्या उचलायच्या. उरल्या दोन काळ्या, उत्तर −२, संपलं. आता पुन्हा पाच काळ्या मांडा आणि −५ − ३ करा, म्हणजे तीन पांढऱ्या उचलायच्या. पण पांढरी एकही नाहीये! इथे तिला जरा अडकू द्या, लगेच सांगू नका. मग काळ्या-पांढऱ्याच्या तीन जोड्या बोर्डावर ठेवा, जोडी म्हणजे शून्य, त्यामुळे किंमत बदलली नाही, आणि आता तीन पांढऱ्या उचला. काळ्या किती उरल्या ते तिलाच मोजू दे. आठ. हे एकदा हाताने केलं की +८ परत लिहिणार नाही.

लिफ्टचं उदाहरण सगळेच देतात, बेसमेंट दोनवरून पाचव्या मजल्यावर गेलो तर सात मजले चढलो, ठीक आहे, पण 'उणे तीन काढून टाक' हे लिफ्टमध्ये कसं दाखवणार? त्यापेक्षा वाण्याची उधारी बरी. खात्यावर ३०० रुपये उधार, म्हणजे −३००, आणि वाणी म्हणाला जाऊ द्या, त्यातले १०० सोडले. कर्ज वजा झालं, उरले −२००. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने नियम लिहिले तेही असेच, धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज धरून, आणि शून्यातून ऋण वजा केलं की धन होतं हेही त्यात आहेच. लहानमोठं ठरवतानाही उधारीच उपयोगी, −१८ आणि −५ मध्ये मोठी कोण विचारलं की मुलं हमखास −१८ म्हणतात. १८ रुपये देणं असलेला बरा की ५ रुपये, एवढं विचारा फक्त.

गुणाकाराला सोंगट्या नकोत, पाढा उलटा न्या. −३ × २ = −६, −३ × १ = −३, −३ × ० = ०. दरवेळी उत्तर तीनने वाढतंय, मग −३ × −१ किती? ती स्वतःच ३ म्हणेल, आणि तिचा तो 'माइनस माइनस प्लस' इथे लागू होतो हे तेव्हा दाखवा. पण हे सोंगट्यांनंतर आठवड्याभराने, त्याच दिवशी नको.