उधारीआधी कोणाचं दप्तर बघायचं?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात माझी हळदीची अडत आहे. पुण्याची एक भागीदारी पेढी दीड महिन्याच्या उधारीवर माल मागतेय. कार्डावर ‘रजिस्टर्ड’ छापलंय. खरं-खोटं कसं पाहू?
– एक अडतदार, सांगली

उत्तर : अडतदारसाहेब, कार्ड काय, कोणीही छापतं. त्यांचा जीएसटी क्रमांक घ्या आणि पोर्टलवर टाका. लॉगिन नको, पैसे नकोत. कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, व्यवसायाचा प्रकार दिसेल. विवरणपत्रं कधी भरली तेही. मी आधी तो तक्ताच बघतो. महिनोन्‌महिने विवरणपत्र नसेल तर पुढचं काही बघायची मला गरज वाटत नाही.

मात्र जीएसटी क्रमांक म्हणजे पेढीची नोंदणी नव्हे. ती १९३२ च्या कायद्याखाली भागीदारी संस्था निबंधकाकडे होते. भागीदारांची नावं तिथल्या नोंदवहीत असतात. फी भरून ती कोणीही पाहू शकतो, प्रतही मागू शकतो. बिननोंदणीच्या पेढीवर दावाच लावता येत नाही, असं यार्डात कोणीतरी छातीठोकपणे सांगेल. ते उलटं आहे. करारावरून दावा लावायला कलम ६९ ची आडकाठी त्या पेढीला आहे, तुम्हाला नाही.

उद्या गिऱ्हाईक ‘प्रायव्हेट लिमिटेड’ निघालं, तर केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाचं संकेतस्थळ उघडा. १०० रुपयांत त्या कंपनीचे सार्वजनिक दस्त बघता येतात. नफ्याच्या आकड्याआधी ‘चार्ज’, म्हणजे कंपनीच्या मालमत्तेवरचा कर्जाचा बोजा, बघा. मालसाठा बँकेकडे तारण असेल, तर वसुलीत तुमचा नंबर बँकेच्या मागे.