ज्येष्ठांच्या देखभालीवर संशोधन करायचे आहे, पण पैसा कोण देणार?

सातारा जिल्ह्यातून एका २७ वर्षांच्या परिचारिकेचे पत्र आले आहे. कम्युनिटी हेल्थ नर्सिंगमध्ये एम.एस्सी. झाल्यावर त्या एका शासकीय रुग्णालयात कंत्राटी पदावर काम करीत आहेत. मधुमेह आणि उच्च रक्तदाब हे दोन्ही विकार असलेल्या वृद्धांची घरी देखभाल कशी होते, यावर त्यांना पीएच.डी. करायची आहे. ‘नोकरी सोडून अभ्यास करणाऱ्याला पैसे कोण देते?’ असा त्यांच्या वडिलांचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आपल्याकडे नाही, असे त्यांनी लिहिले आहे.

नमस्कार.

वडिलांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो. संशोधनासाठी लागणारा पैसा दोन प्रकारचा असतो. एक तुमच्या उदरनिर्वाहाचा, म्हणजे फेलोशिप. दुसरा अभ्यासाच्या खर्चाचा, म्हणजे प्रकल्प अनुदान. नवे संशोधक बहुधा दुसऱ्याच्या मागे आधी धावतात आणि निराश होतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) बाह्य अनुदानासाठी, म्हणजे परिषदेबाहेरच्या संशोधकांना मिळणाऱ्या अनुदानासाठी, मुख्य संशोधक हा मान्यताप्राप्त संस्थेत नियमित नोकरीत असावा लागतो. कंत्राटी पदावरून तो अर्ज तुम्हाला आज करता येणार नाही. फेलोशिपचा मार्ग मात्र मोकळा आहे आणि तुमच्या वयात तोच आधी धरावा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत (यूजीसी-नेट) नर्सिंग हा स्वतंत्र विषय नाही, त्यामुळे आपल्याकडील अनेक परिचारिका ही परीक्षा आपली नाहीच असे समजून सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते. ज्यांचा पदव्युत्तर विषय यादीत नाही, त्यांना संबंधित विषयातून परीक्षा देण्याची मुभा नियमांत आहे आणि ‘सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ’ हा विषय तुमच्या एम.एस्सी.ला अगदी जवळचा आहे. या परीक्षेतून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन फेलोशिपसाठी वयोमर्यादा ३० वर्षांची असली तरी महिलांना पाच वर्षांची सवलत मिळते. जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, त्यानंतर ४२,००० रुपये आणि घरभाडे भत्ता वेगळा, असे तिचे दर आहेत. तुमचे आजचे कंत्राटी मानधन या आकड्याशेजारी लिहून वडिलांना दाखवा. याशिवाय बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा व कुणबी) आणि महाज्योती (इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्त जमाती) या राज्य शासनाच्या संस्था आपापल्या प्रवर्गातील पीएच.डी. करणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. तुम्ही प्रवर्ग कळवलेला नाही. त्यांपैकी एखादीत बसत असाल तर तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा, मात्र त्यासाठी आधी पीएच.डी.ची नोंदणी झालेली असावी लागते. नोंदणी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठात करता येईल. भारतीय परिचर्या परिषदेने बंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठासोबत उभारलेल्या राष्ट्रीय नर्सिंग पीएच.डी. कन्सॉर्शियमची, म्हणजे संयुक्त पीएच.डी. कार्यक्रमाची, प्रवेश परीक्षा हा दुसरा पर्याय आहे.

आता विषयाकडे येतो, कारण माझ्या मते तुमचे खरे काम तिथे आहे. तुम्ही सुचवलेले शीर्षक ‘वृद्ध मधुमेहींच्या ज्ञानावर संरचित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता’ असे आहे. आधी प्रश्नावली, मग तक्ते दाखवून शिकवणी, मग पुन्हा तीच प्रश्नावली आणि गुण वाढले असा निष्कर्ष, या पद्धतीचे प्रबंध नर्सिंग महाविद्यालयांच्या ग्रंथालयात कपाटे भरून आहेत. शिकवल्यावर लगेच गुण वाढतात, हे निवड समितीला आधीच ठाऊक असते. त्यातून आजींची साखर आटोक्यात आली का, त्या गोळी वेळेवर घेऊ लागल्या का, हे काहीच कळत नाही.

तुमच्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर याहून कितीतरी मोलाची गोष्ट आहे. एक आजी गोळ्या रंगावरून ओळखतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात दुसऱ्या कंपनीचा पुरवठा आला, पांढऱ्या गोळीच्या जागी गुलाबी आली, आणि त्यांनी घरात उरलेली जुनी आणि नवी अशा दोन्ही महिनाभर घेतल्या. तुम्ही हे दोन ओळींत लिहून पुढे गेलात. माझ्या दृष्टीने हाच तुमचा प्रबंध आहे. पुरवठा बदलल्यावर किती वृद्ध दुप्पट मात्रा घेतात, किती जण गोळी बंद करतात, घरात गोळ्या देणारी सून किंवा नात असेल तर काय फरक पडतो आणि परिचारिकेने दहा मिनिटे देऊन जुनी पाकिटे बाजूला काढून घेतली तर चूक टळते का, हे सारे मोजता येण्याजोगे आहे. शिवाय भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम महाराष्ट्रात ज्या जिल्ह्यांत सर्वप्रथम सुरू झाला, त्यांत सातारा होता. त्यामुळे आरोग्य केंद्रांत रुग्णागणिक उपचार कार्डे ठेवली जातात आणि पाठपुराव्याच्या नोंदी तुम्हाला शून्यापासून जमवाव्या लागणार नाहीत. त्या पाहण्यासाठी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची लेखी परवानगी आणि संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या नोंदणीकृत नीतिविषयक समितीची मान्यता घ्यावी लागेल. स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णाची संमती कोण देणार, हे त्या अर्जात स्पष्ट लिहा. वृद्धांवरील अभ्यासात समिती पहिला आक्षेप बहुधा तिथेच घेते.

विषयाची व्याप्ती दाखवायला विश्वासार्ह आकडेवारी विनामूल्य उपलब्ध आहे. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षे व त्यावरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांची पाहणी केली. ‘लासी’ या नावाने ओळखली जाणारी ती माहिती संशोधकांना अर्ज करून मिळते. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढील लोक ८.६ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९ टक्के. ‘लासी’तील महाराष्ट्राच्या नोंदींवरून दोन्ही विकार असलेल्या वृद्धांचे एक छोटे विश्लेषण तुम्ही नोकरी सांभाळून करू शकता. त्यासाठी संगणक आणि संख्याशास्त्र जाणणारा एखादा सहकारी पुरेसा आहे.

अभ्यासाचा खर्चही तुम्ही समजता तितका मोठा नाही. गावोगावचा प्रवास, रक्तदाबाची दोन-तीन यंत्रे, साखर तपासण्याच्या पट्ट्या आणि छपाई हा मुख्य खर्च. फेलोशिपसोबत किरकोळ खर्चासाठी मिळणारे आकस्मिक अनुदान आणि महाविद्यालयाची साधने यांत तो बसवता येतो. नियमित पदावरचे तुमचे मार्गदर्शक मुख्य संशोधक आणि तुम्ही सहसंशोधक, अशा रचनेत आयसीएमआरकडे अर्जही करता येईल. म्हणूनच मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावावर पूर्वी एखादा अनुदानित प्रकल्प आहे का, हे अवश्य विचारा. असे विचारण्यात काहीही गैर नाही.

पीएच.डी.नंतरची दारे तूर्त केवळ माहीत असू द्या. जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांच्या ‘इंडिया अलायन्स’ची प्रारंभिक फेलोशिप पाच वर्षांची असते आणि तीत सार्वजनिक आरोग्याला स्वतंत्र स्थान आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ या आरोग्यसेवा व संशोधन संस्थेत काम करताना डॉ. योगेश्वर काळकोंडे यांना याच ‘इंडिया अलायन्स’चे पाठबळ मिळाले होते. ८६ गावांतील मृत्यूंच्या त्यांच्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे पहिले कारण ठरले आणि २०१५ मध्ये तो निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. इतक्या आडवळणाच्या जिल्ह्यातील प्रश्न जगापुढे मांडला गेला, याचे मोठे श्रेय मला त्या प्रश्नाच्या नेमकेपणाला द्यावेसे वाटते.

नोकरीचा राजीनामा आत्ता देऊ नका. नेटचा अर्ज भरा, ‘लासी’ची माहिती मागवा, आणि पुढचे काही महिने बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या आजी-आजोबांना घरातल्या सर्व गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगा. उपचाराचा भाग म्हणून त्या तपासा आणि काय आढळते ते रुग्णाचे नाव न लिहिता स्वतःपुरते टिपून ठेवा. प्रबंधासाठीची माहिती मात्र नीतिविषयक समितीच्या मान्यतेनंतरच गोळा करायची. फेलोशिपचे पत्र आणि पीएच.डी.ची नोंदणी, ही दोन्ही हातात आल्यावर नोकरी सोडण्याचा विचार करा; तोवर आराखड्याचे एक पान लिहून मला पाठवले, तर मी ते आनंदाने वाचेन.