मन्सूरांचं गाणं अंगावर येतं, काय करू?

प्रश्न : ताई, माझं वय 42, राहायला बावधन, नोकरी मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. गाणं शिकलेलो नाही. लग्नानंतर सासऱ्यांबरोबर दर डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला जायला लागलो आणि गोडी लागली. भीमसेनजी रोज गाडीत असतात. हिराबाईंच्या जुन्या रेकॉर्डीही फार आवडतात. पण मल्लिकार्जुन मन्सूरांपाशी गाडी अडते. त्यांचं नाव निघालं की सासरे कानाच्या पाळीला हात लावतात. मी तीन वर्षं प्रयत्न करतो आहे. आवाज कोरडा वाटतो, गाणं घाईचं वाटतं. एक सूर नीट टेकत नाही तोच पुढचे दहा येतात. सगळं अंगावर आल्यासारखं होतं आणि दहा मिनिटांत बंद करतो. सासरे म्हणतात, "तुमचा कान अजून तयार नाही." कान तयार करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? की हे आपल्यासाठी नाही असं मान्य करून मोकळं व्हावं?
— एक वाचक, बावधन

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. "एक सूर नीट टेकत नाही तोच पुढचे दहा येतात" ही तक्रार मी स्वतः 18 वर्षं करत होते, जवळजवळ याच शब्दांत.

आमचं घर शनिवार पेठेतल्या एका वाड्यात आणि वडील पक्के किराणा घराण्याचे. अब्दुल करीम खाँसाहेब, सवाई गंधर्व, हिराबाई, भीमसेन एवढंच आमच्याकडे गाणं. रेडिओवर दुसरं कुणी लागलं की "हेही चांगलं असतं हो" म्हणून वडील तो हळूच बंद करायचे. त्यामुळे माझा कान त्या एका वळणाचा झाला. षड्ज, म्हणजे सा, लागला की तो भरू द्यायचा, मग सावकाश पुढच्या सुराकडे जायचं. विलंबित एकताल इतका संथ की 12 मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, व्हायला कधी कधी मिनिटभर लागतं. तेवढ्या वेळात गायक एखाद-दुसऱ्या सुराभोवती फिरतो आणि आपण त्या सुरात बसून राहतो. तुम्ही भीमसेनजी रोज ऐकता, म्हणजे तुमच्याही कानाला हीच सवय असणार. सासऱ्यांचा मान राखून सांगते, तुमचा कान तयार आहे. तो किराण्यासाठी तयार झालेला आहे, इतकंच.

तोच कान घेऊन आपण मन्सूरांसमोर बसतो आणि सूर कधी थांबतोय याची वाट बघतो. तिथं तो थांबत नाही. मन्सूर आधी मिरजेला नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची गायकी शिकले. मग अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ यांची तालीम मिळाली. ती जेमतेम दीड वर्ष चालली, कारण 1937 मध्ये मंजी खाँ गेले. त्यानंतर त्यांचे धाकटे भाऊ भूर्जी खाँ यांनी शिकवलं. अल्लादिया खाँसाहेबांची ही जयपूर गायकी बरीचशी अनवट, म्हणजे क्वचित गायल्या जाणाऱ्या, रागांची आणि जोडरागांची आहे. दोन रागांची अंगं एकमेकांत गुंफलेली असली की नुसत्या एका सुरावर मुक्काम करून भागत नाही. राग दिसायचा तर ती वळणं, ते पेच, सगळी फिरत यावी लागते. म्हणून तिथं एकेका सुराची बढत, म्हणजे सावकाश विस्तार, होण्याऐवजी सुरांचे तुकडे येतात, एकात एक अडकवलेले. लयही मध्याकडे झुकलेली, साधारण पंधरा-वीस सेकंदांत तीनतालाचं आवर्तन पुरं. ज्याला सूर टेकलेला हवा त्याला याची दमछाक होणारच. मला व्हायची.

1978 मध्ये मी टेलिफोन खात्यात लागले, त्या वर्षी पहिल्यांदा मन्सूर रेडिओवर पूर्ण ऐकले आणि मनात म्हटलं, वडिलांचं बरोबर आहे. पुढे भावाने त्यांची एक कॅसेट आणली. ती लागली की मी उठून स्वयंपाकघरात जायची. 1996 च्या जानेवारीतली गोष्ट. मी खात्यात म्हणून वाड्यात फोन आमच्याच घरी. खालच्या मजल्यावर तबल्याची शिकवणी घेणारे एक काका राहायचे. ते मुलाच्या फोनची वाट बघत आमच्या खोलीत बसले होते. भावाने कॅसेट लावलेली, मी मटार सोलत होते. मी सहज म्हणाले, "काका, किती घाई करतात हे." काका खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत होते. ती न थांबवता म्हणाले, "घाई कुठाय? लय बघ. तसूभर हललेली नाही."

मग त्यांनी मला पेरांवर मात्रा मोजायला शिकवलं. बोटाला तीन पेरं आणि चौथं टोक. अंगठ्याने करंगळीपासून सुरुवात करायची. चार बोटं, चार चार मात्रा, 16 झाल्या. मधल्या बोटावर आलं की डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा तबला, मिटतो, त्या भागाला 'खाली' म्हणतात. तर्जनीवर तो परत बोलू लागतो आणि टोक संपलं की सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा. काकांनी सांगितलं, "पहिली दहा मिनिटं गाणाऱ्या बुवांकडे लक्षच देऊ नकोस. फक्त तबल्याचा ठेका धर."

फोन आला, काका बोलून खाली गेले, मी तशीच मोजत बसले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा धरलं. आणि मग तो मुखडा, म्हणजे बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, समेवर आला तेव्हा माझा अंगठा बरोबर करंगळीवर होता. पुढच्या आवर्तनात बुवा भलत्याच मात्रेवरून निघाले. मला वाटलं, आता हे काही वेळेवर पोचत नाहीत. पोचले. त्याच्या पुढच्या वेळी आणखी तिसऱ्याच वाटेने. शनिवार पेठेतून मंडईत जायला किती बोळ आहेत ते पेठेत वाढलेल्या माणसाला विचारा. तो रोज वेगळ्या बोळातून निघेल आणि रोज ठरल्या वेळेला मंडईत हजर असेल. मन्सूर तसे गात होते. मला घाई वाटत होती, कारण मला मंडई कुठं आहे तेच माहीत नव्हतं. त्या दुपारी मटार अर्धे सोललेले राहिले आणि कॅसेटची दोन्ही अंगं दोनदा वाजली.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते.

गाडीत मन्सूर लावणं बंद करा. चांदणी चौकातल्या हॉर्नमध्ये भीमसेनजींचा षड्ज टिकेल, पण मन्सूरांचा तुकडा निसटला की सम निसटली. घरी, एकट्याने, हात मोकळे ठेवून ऐका.

राग निवडताना 'संपूर्ण मालकंस' नावाचा राग घ्या. मालकंस तुम्ही भीमसेनजींकडून भरपूर ऐकला असेल. त्यात ऋषभ आणि पंचम, म्हणजे रे आणि प, वर्ज्य, हे माहीत नसलं तरी तुमच्या कानाला ते न येण्याची सवय झालेली आहे. संपूर्ण मालकंसात ते दोन्ही येतात. ओळखीच्या घरात दोन नव्या खिडक्या उघडाव्यात तसं होतं. ते कुठून येतात, येऊन किती थांबतात, कुठल्या सुराला चिकटून येतात, एवढंच टिपायचं. बाकीचं आपोआप कळायला लागतं. तीच एक मैफल पंधरा दिवस ऐका. रोज नवी लावू नका. शिवमत भैरव नंतर. त्यात भैरवाच्या मधेच कोमल गंधार आणि कोमल निषाद डोकावतात. त्या एका रागासाठी मी आजही पहाटे उठते.

आवाजाचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे, तो गुळगुळीत नाही. पण आज जे ध्वनिमुद्रण सहज मिळतं ते बरंचसं उतारवयातलं आहे, हेही लक्षात घ्या. त्यांना पद्मश्री 1970 मध्ये मिळाली, तेव्हा ते साठीच्या घरात होते, आणि पद्मविभूषण 1992 मध्ये, ज्या वर्षी ते गेले. मोठी कीर्ती आली ती म्हातारपणी आणि मुद्रणंही त्याच काळातली जास्त. तरुणपणच्या तीन मिनिटांच्या रेकॉर्डी शोधून ऐका. तिथं आवाजाला पाणी आहे. मला मात्र आता तो उतारवयातलाच आवाज हवासा वाटतो. त्यात लपायला जागा नाही, राग उघडा दिसतो.

आणि महिन्याभरानंतरही नाही जमलं, तर ठेवून द्या. सासऱ्यांसमोर मान डोलवू नका. "मला अजून सम सापडत नाही" असं सांगा आणि त्यांना तुमच्या बोटावर मोजून दाखवायला सांगा. माझा अंदाज आहे, त्यांना हे फार आवडेल.

प्रश्न : मी 24 वर्षांची आहे, पदव्युत्तर शिक्षण घेते. आमच्या ग्रुपमध्ये सगळे उस्ताद अमीर खाँसाहेबांना मानतात. मला त्यांचा मारवा राग ऐकताना दर वेळी झोप येते. इतकं हळू की मधे काही घडतच नाही असं वाटतं. हे सांगायचीही लाज वाटते.
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : लाज कसली? इथं तुमची अडचण वरच्या वाचकाच्या अगदी उलटी आहे. म्हणून त्यांना दिलेलं औषध तुम्ही घेऊ नका. मात्रा मोजू नका. खाँसाहेबांचा झुमरा ताल 14 मात्रांचा आणि त्यांच्या लयीत तो इतका विरळ होतो की मोजणारा कंटाळून झोपतो. तबला तिथं मागच्या भिंतीसारखा आहे. आधार आहे, बघत बसायचं कारण नाही.

तुम्ही षड्जाची वाट बघा. मारव्यात पंचम नाही. ऋषभ कोमल, मध्यम तीव्र. आणि ज्या सुरावर आपण घरी परत यायचं, तो षड्जच हा राग लांबवतो. गायक ऋषभावर थांबतो, धैवतावर थांबतो, आपल्याला वाटतं आता षड्ज येणार, आणि गायक पुन्हा वळतो. खाँसाहेबांएवढं हे लांबवण्याचं धाडस मी कुणाचं ऐकलेलं नाही. "काही घडत नाही" असं तुम्हाला वाटतं, तेव्हा हे चाललेलं असतं. एकदा कान षड्जावर लागला की तो अखेर येतो त्या क्षणी झोप सोडाच, माझ्या तर छातीत कळ उठते.

दुसरं, तुम्ही ऐकता कधी? रात्री अंथरुणावर पडून, कानात यंत्र घालून, हो ना? मारवा सूर्यास्ताचा. कर्वेनगरातून वेताळ टेकडी जवळ आहे. साडेपाचला चढा, पश्चिमेकडे तोंड करून बसा आणि उजेड जाईपर्यंत ऐका. मग खाली उतरा. एकटीने जाऊ नका, ग्रुपमधल्या एखादीला न्या. बोलायचं मात्र नाही.

प्रश्न : तुमच्या सदरात सगळे मोठे गायक शेवटी उमगतातच. तुम्हाला न उमगलेलं कुणी नाही का? खरं सांगा.
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आहेत. आग्र्याचे उस्ताद फैय्याज खाँसाहेब. ज्यांचा कान मी माझ्यापेक्षा मोठा मानते अशी माणसं त्यांचं नाव घेताना हळवी होतात, आणि मी त्यांच्या शेजारी कोरडी बसते. तो भारदस्त आवाज, नोमतोमची आलापी, लयीशी चाललेली झुंज, सगळं मला कळतं. शब्दांत सांगूही शकते. आत काही हलत नाही. खाँसाहेब 1950 मध्ये गेले, माझ्या जन्माआधी. समोर बसून ऐकण्याचा योग नव्हताच. जुन्या रेकॉर्डीत तीन मिनिटांत मैफल आटपायची, त्यात माझ्यासारखीला वाट सापडत नसेल असं कधी वाटतं. पण अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रेकॉर्डीही तेवढ्याच आहेत आणि त्या मला रडवतात. तेव्हा ते कारण धरता येत नाही.

गेल्या दिवाळीपासून फैय्याज खाँसाहेबांचा ललत राग रोज सकाळी एकदा ऐकते आहे. तीन मिनिटं, चहा उकळेपर्यंत. गेल्या आठवड्यात दोन्ही मध्यम, शुद्ध आणि तीव्र, एकामागोमाग आले त्या जागी हातातली गाळणी थांबली. दुसऱ्या दिवशी त्याच जागेची वाट बघत होते, तेव्हा काही झालं नाही. उद्या परत लावणार आहे.