अडुळशाचा काढा, मेथॅनॉल आणि १४ मिलिमीटरचा झोन

खानापूरच्या बी.फार्म.च्या मुलीनं विचारलंय: अडुळशाच्या पाण्यातल्या अर्काला जंतू वाढवलेल्या अगारच्या (जेलीच्या) प्लेटवर झोन, म्हणजे अर्क लावलेल्या कागदी चकतीभोवती (डिस्कभोवती) जंतू न वाढलेलं वर्तुळ, नाही, मेथॅनॉलच्या अर्काला १४ मिलिमीटर, मग आजीचा काढा निकामी का? माझ्या लेकीच्या वयाची आहेस, तू म्हणतो.

काढ्याला तू भलत्याच पेपराला बसवलंस बघ. आजी तो कफ सुटायला देते, जंतू मारायला कोण देतंय? अडुळशातलं मुख्य अल्कलॉइड (वनस्पतीतलं नायट्रोजनयुक्त रसायन) व्हॅसिसिन. त्याच्या रेणूवरूनच पुढं ब्रोमहेक्सिन तयार झालं, आणि शरीरात ब्रोमहेक्सिनचं जे होतं ते अँब्रॉक्सॉल. खोकल्याच्या औषधांच्या बाटल्या फिरवून बघ, ही दोन नावं सापडतील. कफ पातळ होतो की नाही हे अगारच्या प्लेटीला कसं कळणार?

आता द्रावकाचं. जांबोटी-कणकुंबीकडची कोकमाची साल घे. पाण्यात भिजवलीस की लाल अँथोसायनिन आणि आंबट हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल उतरतं, तेच आपलं सरबत. तीच साल वाळवून हेक्झेन या तेलकट पदार्थ विरघळवणाऱ्या द्रावकात टाक, पिवळं गार्सिनॉल येईल, जे पाण्याला जवळपास दाद देत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूवर चालतं ते हे गार्सिनॉल. साल एकच, पण हातात आलेले पदार्थ निराळे. म्हणून ‘या झाडाचा गुण’ असं मोघम लिहू नकोस. कुठल्या द्रावकातल्या अर्काचा, ते लिही.

दुसरं, दोन्ही अर्क १०० मिग्रॅ प्रति मिली केलेस म्हणून ते सारखे होत नाहीत. पाण्याच्या अर्कात साखर, क्षार, चिकट पॉलिसॅकराइड भरपूर. वजन भरतं, कामाचा भाग त्यात पातळ होतो. उलट हेक्झेनच्या अर्काला छोटा झोन आला तरी हिरमुसू नकोस; तेलकट रेणू पाणीदार अगारमध्ये सरकतच नाहीत. झोन हा निम्मा मारण्याचा आणि निम्मा पसरण्याचा हिशेब आहे. ब्रॉथमध्ये, म्हणजे पातळ पोषक द्रवात, एमआयसी काढ, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारं अर्काचं कमीत कमी प्रमाण.

माझी फजिती सांगतो. एमएस्सीला असताना माझ्या सगळ्या अर्कांना देखणे झोन आले. सरांनी नुसत्या द्रावकाची डिस्क लावायला सांगितली, तिलाही झोन! मेथॅनॉल पुरतं उडालंच नव्हतं. तेव्हापासून रिकामा कंट्रोल लावल्याशिवाय मी प्लेटकडे बघत नाही. अर्क विरघळवायला वापरतात त्या डीएमएसओ या द्रावकाचंही तेच, प्रमाण वाढलं की तो स्वतःच जंतूंना मारतो.

पानं जुलैत तोडलीस ना? आपल्याकडच्या पावसात ती वाळतात कुठं? ओल्या पानात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणी असतं, म्हणजे तुझं ‘शुद्ध मेथॅनॉल’ भांड्यातच पातळ झालं. ते वाईटच असं नाही. फिनॉलिक पदार्थांना ७० टक्के इथेनॉल पुष्कळदा शुद्धापेक्षा बरं पडतं. पण ते आपण ठरवून करावं, पावसानं नव्हे. सावलीत वाळव, मग पंख्याखाली, आणि वजन थांबेपर्यंत रोज तोलत जा.

पुढं खायचं औषध करायचा विचार असेल तर मेथॅनॉल सोडच. औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या आयसीएचच्या उरलेल्या द्रावकाच्या मर्यादेत मेथॅनॉलला ३००० पीपीएम (दहा लाखात ३००० भाग), हेक्झेनला २९०, क्लोरोफॉर्मला फक्त ६० आहे. इथेनॉल त्या मानानं मोकळं.

प्लेटचा फोटो टाक. आणि त्या १४ मध्ये डिस्कचे ६ धरलेस की वगळलेस?